आईला आमवात, मग मुलीलाही होणारच का? आनुवंशिकता आणि आमवाताचा संबंध समजून घ्या

साखरखेर्डा : घरात आईची बोटं वाकडी झालेली असली की मुलीची सोयरीक जमवताना ही गोष्ट झाकून ठेवली जाते. ‘तो वात त्यांच्या घराण्यातच आहे’ असं कुणी बोललं तर जमत आलेली बोलणी मागं पडतात. दुसरीकडं, आजार अंगात भिनल्यावरही ‘आमच्या आईला होता, आता आम्हाला आला, औषधानं काय होणार’ म्हणून कित्येक बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत. या दोन्ही समजुतींत थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं. रक्तातून आमवात येत नाही, आमवाताकडं जाण्याचा कल येतो. हा फरक नीट समजला तर भीतीही कमी होते आणि सांधेही वाचतात.

कोणता वात?

आपल्याकडं सांध्याच्या प्रत्येक दुखण्याला ‘वात’ म्हणतात. वयानुसार गुडघा झिजतो तोही वात, चिकनगुनियानंतर महिनोन् महिने सांधे धरतात तोही वात. आमवात म्हणजे डॉक्टर ज्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार यांच्यापेक्षा वेगळा आहे. आयुर्वेदातल्या माधवनिदान या जुन्या ग्रंथातही आमवाताचं वर्णन स्वतंत्रपणे आलं आहे.

यात सांधा झिजत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच आपल्या सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू बाजूची कूर्चा आणि हाड खातं. हाताच्या बोटांचे, मनगटाचे, पायाच्या बोटांचे लहान सांधे आधी धरतात आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे धरतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, गाय पिळता येत नाही. हा आखडलेपणा अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त टिकतो आणि कामाला लागल्यावर कमी होतो. झिजेच्या गुडघ्याचं उलट असतं, तो चालल्यावर जास्त दुखतो. आमवात पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो, आणि ऐन कामाच्या वयात, तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान अनेकींना सुरू होतो.

भिगवणच्या सर्व्हेत काय दिसलं?

महाराष्ट्राच्या खेड्यात हा आजार किती, याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावानं दिलं. उजनीच्या फुगवट्याकाठचं, इंदापूर तालुक्यातलं हे गाव. पुण्याच्या सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं १९९६ मध्ये तिथं घरोघरी जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेविकार तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा तो भाग होता.

४,०९२ प्रौढांची विचारपूस झाली. त्यातल्या ७४६ जणांना, म्हणजे शंभरात १८ जणांना, सांधे, स्नायू किंवा पाठीचं दुखणं होतं. पण खरा आमवात निघाला तो साधारण अर्धा टक्का लोकांमध्ये. हजार प्रौढांमागे पाच. दिल्लीजवळच्या बल्लभगड भागातल्या खेड्यांत ३९,८२६ लोकांची पाहणी झाली होती. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे प्रमाण ०.७५ टक्के होतं.

याचा अर्थ असा की दहा हजार प्रौढांच्या वस्तीत पन्नास ते पंचाहत्तर आमवाताचे रुग्ण असू शकतात. मात्र त्याच वस्तीत दुखणारे हात-पाय हजारोंचे असतात, त्या गर्दीत हे रुग्ण हरवून जातात.

सिकलसेलसारखा हा आजार नाही

विदर्भात आनुवंशिक आजार म्हटलं की पहिलं नाव सिकलसेलचं येतं. त्यामुळं आमवातही तसाच असेल असं वाटणं साहजिक आहे. पण दोघांची चाल वेगळी आहे.

सिकलसेल एकाच जनुकातल्या एका बदलामुळं होतो. आई आणि वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. हिशेब सरळ असतो, म्हणूनच लग्नाआधी रक्त तपासून घ्या असं सांगितलं जातं.

आमवाताला असं एक जनुक नाही. २०१४ मध्ये एक लाखाहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या मोठ्या अभ्यासात आमवाताशी संबंधित १०१ जागा माणसाच्या जनुकांमध्ये सापडल्या. यातल्या बहुतेक जागांचा वाटा चिमूटभर आहे. त्या सगळ्यांची बेरीज होऊन कल ठरतो, आणि तो कल असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यभर आमवात होत नाही. म्हणून लग्नाआधी आमवातासाठी जनुक तपासा असं कुठलाही जाणकार डॉक्टर सांगत नाही.

सगळ्यात मोठा वाटा कोणाचा?

या १०१ जागांमध्ये एकीचा वाटा इतरांपेक्षा फार मोठा आहे. तिचं नाव एचएलए-डीआरबी१. ती सहाव्या गुणसूत्रावर असते. प्रत्येकाकडं तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून.

या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीच्या अंगावर बसलेलं असतं. त्याला एक खाच असते. त्या खाचेत प्रथिनांचे बारीक तुकडे धरून ते शरीराच्या राखणदार पेशींना दाखवतं. तुकडा परका वाटला की राखणदार हल्ल्याला तयार होतात. खाचेचा आकार माणसागणिक बदलतो, कारण हे जनुक माणसामाणसांत फार वेगवेगळ्या प्रकारचं असतं. कुणाच्या खाचेत एक तुकडा घट्ट बसतो, कुणाच्या खाचेत तो बसतच नाही.

१९७८ मध्ये अमेरिकेतले डॉ. पीटर स्टॅस्टनी यांनी आमवाताच्या रुग्णांमध्ये डीआर४ हा प्रकार जास्त असल्याचं दाखवलं. पण काही रुग्णांत डीआर४ नव्हता, दुसरेच प्रकार होते. हे कोडं १९८७ मध्ये पीटर ग्रेगरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवलं. प्रकारांची नावं वेगळी असली तरी त्या प्रथिनाच्या ७० ते ७४ या पाच जागांवरची घडण त्यांच्यात जवळपास सारखी होती. या सारख्या भागाला ‘शेअर्ड एपिटोप’, म्हणजे सामाईक खूण, असं नाव पडलं.

ही खूण काय करते तेही पुढं उलगडत गेलं. शरीरात सूज असली की काही प्रथिनांमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन होतं. असा बदललेला तुकडा सामाईक खूण असलेल्या खाचेत चांगला बसतो. मग राखणदार पेशींना आपलंच प्रथिन परकं दिसू लागतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. काही रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडं सांधे दुखायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधी सापडली आहेत.

जुळ्या भावंडांवरून काय कळलं?

आनुवंशिकतेची ताकद किती, हे बघायला जुळ्यांचा उपयोग होतो. हुबेहूब जुळ्या भावंडांची जनुकं एकसारखी असतात. सगळं जनुकांवरच असतं तर एकाला आमवात झाला की दुसऱ्याला शंभर टक्के व्हायला हवा होता. ब्रिटनमध्ये १९९३ च्या अभ्यासात हे प्रमाण निघालं सुमारे १५ टक्के. हुबेहूब नसलेल्या जुळ्यांमध्ये ते ४ टक्क्यांच्या आसपास होतं.

म्हणजे जनुकांचा हात नक्की आहे, नाहीतर दोन्ही आकडे सारखे आले असते. पण जनुकं एकसारखी असूनही शंभरातल्या ८५ जोड्यांमध्ये दुसरं भावंड त्या वेळी आजारापासून दूर होतं.

‘आमवात ६० टक्के आनुवंशिक आहे’ असं वाक्य कधी कधी वाचायला मिळतं. त्याचा अर्थ मुलीला आजार होण्याची शक्यता ६० टक्के असा मुळीच नाही. लोकसंख्येत कुणाला आजार होतो आणि कुणाला नाही, या फरकाचा साधारण एवढा भाग जनुकांच्या फरकानं समजावता येतो, इतकाच तो अर्थ.

मग घरातला धोका नेमका किती? स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींनुसार आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला आमवात असेल तर धोका सुमारे तिप्पट होतो. भिगवणचा आकडा धरून अंदाज केला तर हजारात पाचच्या जागी हजारात पंधरा. उरलेल्या ९८५ जणांना तो नाही. एखाद्या मुलीची सोयरीक मोडण्याआधी हा हिशेब लक्षात घ्यायला हवा.

वाण आणि जमीन

शेतकऱ्याला हे तुरीवरून चटकन कळेल. मर रोगाला बळी पडणारं वाण असलं तरी ज्या वावरात मर रोगाची बुरशी नाही तिथं ते पीक उभं राहतं. तेच वाण बुरशी भरलेल्या वावरात, वर्षानुवर्षं तूर घेतलेल्या जमिनीत पेरलं तर झाडं उभी वाळतात. वाण कमजोर आणि जमीन रोगट, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या की नुकसान मोठं. आमवातात जनुक हे वाण आहे. जमीन कोणती, याची काही उत्तरं आता हातात आहेत.

पहिलं बिडी-सिगारेट. स्वीडनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्या दोन्ही प्रतींवर सामाईक खूण आहे आणि जे धूम्रपान करतात, त्यांना प्रतिपिंडं असलेल्या आमवाताचा धोका तब्बल २१ पट होता. तुलना होती खूणही नसलेल्या आणि धूम्रपानही न करणाऱ्यांशी. धुरानं फुप्फुसात सूज येते आणि तिथंच प्रथिनांमध्ये सिट्रुलिनचा बदल सुरू होतो, असं संशोधक मानतात.

दुसरं दगडाची धूळ. खडी क्रशर, दगड फोडणं, खाणकाम यांतल्या सिलिका धुळीत काम करणाऱ्या पुरुषांमध्ये आमवाताचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

तिसरं हिरड्या. हिरड्यांतून रक्त-पू येण्याच्या आजारात सापडणारा एक जिवाणू प्रथिनांमध्ये हाच सिट्रुलिनचा बदल घडवू शकतो. हिरड्यांचा आजार आणि आमवात एकत्र दिसण्याचं ते एक कारण असावं.

खाण्याच्या तंबाखूचा आमवाताशी असा संबंध स्वीडनच्या अभ्यासात दिसला नाही. पण त्यावरून खर्रा, गुटखा निर्धोक ठरत नाही. तोंडाचा कॅन्सर आणि खराब हिरड्या त्यातूनच येतात.

प्रदेश बदलला की जनुकंही बदलतात

आमवाताचं प्रमाण जगभर सारखं नाही. अमेरिकेतल्या पिमा या मूळनिवासी जमातीत ते पूर्वी ५ टक्क्यांच्या आसपास नोंदलं गेलं. नायजेरियातल्या खेड्यांच्या पाहणीत, १९९३ च्या अहवालानुसार, एकही रुग्ण सापडला नाही. तिथल्या लोकांमध्ये डीआर४ प्रकार फार कमी आहे.

भारतीय रुग्णांचं चित्रही युरोपासारखं नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. नरिंदर मेहरा आणि डॉ. ए. एन. मालवीय यांचा सहभाग असलेल्या १९९६ च्या अभ्यासात भारतीय रुग्णांमध्ये डीआरबी१ चे दोन प्रकार ठळक दिसले, ०४०५ आणि १००१. यातला १००१, म्हणजे डीआर१० गटातला प्रकार, युरोपीय रुग्णांमध्ये कमी आढळतो. उलट युरोपात धोका वाढवणारा पीटीपीएन२२ या जनुकातला बदल भारतात विरळा आहे, जपान्यांमध्ये तर तो जवळपास नाहीच. २०१३ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. बी. के. थेल्मा यांच्या गटानं उत्तर भारतीयांमध्ये एआरएल१५ हे नवीन जनुक आमवाताशी जोडलेलं असल्याचं दाखवलं.

पुण्यातही एक वेगळा प्रयत्न झाला. भूषण पटवर्धन, कल्पना जोशी आणि अरविंद चोप्रा यांनी २००५ मध्ये वात, पित्त, कफ या प्रकृती आणि डीआरबी१ चे प्रकार यांचा मेळ बसतो का ते तपासलं. काही प्रकार ठरावीक प्रकृतीत जास्त, तर काही अजिबात नाहीत असं त्यांना दिसलं. अभ्यास अवघ्या ७६ जणांचा होता, त्यामुळं नाडी बघून आमवाताचं भाकीत करता येतं असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

या सगळ्याचा व्यवहारात उपयोग असा : ऑनलाइन थुंकी पाठवून ‘तुम्हाला अमुक टक्के धोका’ असे अहवाल विकत मिळतात. त्यांचा हिशेब प्रामुख्यानं युरोपीय लोकांच्या माहितीवर बसवलेला असला तर तो आपल्याकडच्या माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

कोणती तपासणी करावी?

आमवाताचा संशय आला तर डॉक्टर सांधे बघून आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या सांगतात. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवातच, असं नाही. काही निरोगी म्हाताऱ्या माणसांत आणि क्षयरोगासारख्या आजारातही तो पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी जास्त नेमकी आहे. दोन्ही निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो, म्हणून कागदापेक्षा सुजलेला सांधा महत्त्वाचा.

एचएलए-बी२७ या तपासणीवरून मात्र बराच घोळ होतो. ती आमवाताची तपासणी नाही. कंबर आणि पाठीचा कणा आखडणाऱ्या वेगळ्याच आजारासाठी ती असते. त्या आजारातही बी२७ असलेली बहुतेक माणसं ठणठणीत असतात.

‘बाळंतवात’ म्हणून सोडून देऊ नका

गरोदरपणात आमवाताच्या अनेक रुग्णांना बरं वाटतं आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत आजार उसळतो. काहींना तर तो पहिल्यांदा तेव्हाच सुरू होतो. आपल्याकडं त्याला ‘बाळंतवात’ म्हणून शेक, मालिश आणि डिंकाच्या लाडवांवर भागवलं जातं. वर्ष तसंच निघून जातं. २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीनंतरही प्रत्येक सुजलेला सांधा साथीच्या नावावर टाकायची सवय लागली.

आजार सुरू झाल्यापासूनचे पहिले तीन ते सहा महिने सगळ्यात मोलाचे असतात. या काळात योग्य औषध सुरू झालं तर हाडाचं नुकसान बऱ्याच अंशी टळतं. एकदा वाकडं झालेलं बोट मात्र गोळीनं सरळ होत नाही.

औषधाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा

आमवातावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जीवावर बेतू शकतं. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते आणि ठरावीक काळानं रक्त व लिव्हरची तपासणी करावी लागते. गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून ते बंद करून दुसरं घ्यावं लागतं. औषध चालू असताना दारू टाळावी. याशिवाय हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड अशी औषधंही आहेत.

एका दिवसात आराम पडतो अशा बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहावं. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. सूज उतरते, पण पुढं साखर, रक्तदाब आणि हाडं ठिसूळ होण्याचा त्रास मागं लागतो.

घरात आमवात असेल तर

- आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला आमवात असेल तर बिडी-सिगारेट पूर्ण बंद ठेवावी. जनुक बदलता येत नाही, धूर बंद करता येतो.
- क्रशरवर किंवा दगडाच्या कामावर असाल तर धुळीपासून बचाव करणारा मास्क वापरावा, शक्य तिथं पाणी मारून काम करावं.
- दात दोन वेळा घासावेत. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाखवून घ्यावं.
- काही त्रास नसताना जनुकांच्या तपासणीवर पैसे घालू नयेत.
- हाताच्या किंवा पायाच्या लहान सांध्यांना सूज, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेपणा आणि हे सहा आठवड्यांहून जास्त टिकलं तर आधी जवळच्या आरोग्य केंद्रात आणि तिथून सांधेविकार तज्ज्ञ किंवा फिजिशियनकडं जावं. ‘आमच्या घरात आमवात आहे’ हे स्वतःहून सांगावं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सोयरिकीच्या भीतीनं आईचा आजार झाकला जातो, मग मुलीलाही तो माहीत नसतो. उद्या तिची बोटं सुजली तर तिला आणि तिच्या डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडणारी माहिती तीच असते.